पोर्तुगालचे मद्य आणि वऱ्हाडचा कापूस

अर्थशास्त्र घेऊन एम. ए. होणाऱ्या आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांना चार आकडे तोंडपाठ असतात : ८०, ९०, १०० आणि १२०. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातील परदेशी व्यापारावरील प्रकरणात ते मांडले. ठराविक परिमाणाचे द्राक्षमद्य तयार करण्यास पोर्तुगालमध्ये ८० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठराविक कापडास ९० माणसांचे. इंग्लंडमध्ये तेवढेच मद्य काढावयास १२० आणि तेवढेच कापड विणावयास १०० माणसे लागतात. म्हणजे दोन्ही वस्तू पोर्तुगालच कमी श्रमांत निर्माण करू शकतो. तरीसुद्धा पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड करावे आणि परस्परांशी विनिमय करावा, यातच दोघांचेही हित आहे, असे रिकार्डोने दाखवून दिले. दुबळ्यालाही व्यापारात स्थान असते, हे सामान्य बुद्धीला सहसा न पटणारे सत्य चार आकड्यांत पटवून देणारी ही मांडणी अर्थशास्त्राच्या थोर कामगिऱ्यांपैकी एक आहे. तिची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हे चार आकडे आपल्या विद्यापीठांत ज्या रीतीने शिकविले जातात, त्या रीतीत इंग्लंड आणि पोर्तुगाल हे देश न राहता 'अ' आणि 'ब' ही दोन अक्षरे होतात. पुढे हेक्शर आणि ओहलिन येतात, त्यांच्या मागोमाग आकृत्या आणि प्रमेये येतात. आणि मग 'व्यापारविषयक धोरण' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण येते, ज्यात गॅट, अंक्टाड आणि जागतिक व्यापार संघटना यांच्या स्थापनेची साले व उद्दिष्टे टिपांच्या स्वरूपात पाठ करावयाची असतात. सिद्धांत एका कप्प्यात, धोरण दुसऱ्या कप्प्यात आणि इतिहास तर कपाटाबाहेरच. परिणामतः पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी दोन देशांना व्यापारापासून होणारा लाभ आकृतीत रेखाटू शकतो; पण त्या लाभातून देशातील कोणाच्या पदरात काय पडले आणि कोणाच्या ताटातून काय गेले, हा प्रश्न त्याच्या मनात उभाच राहत नाही.

हा प्रश्न शास्त्राबाहेरचा आहे, तो राजकारण्यांनी आणि मोर्चेवाल्यांनी विचारावा, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वोल्फगँग स्टोल्पर आणि पॉल सॅम्युएल्सन या दोघांनी १९४१ साली असे सिद्ध केले की, व्यापार खुला झाल्याने देशाचे एकूण उत्पन्न वाढले तरी जो उत्पादनघटक त्या देशात दुर्मिळ आहे, त्याचे खरे उत्पन्न घटते. आणि हे घटणे केवळ तुलनेने नव्हे, तर प्रत्यक्षात घटणे असते. हा निबंध अमेरिकेतील एका प्रमुख नियतकालिकाने आधी नाकारला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच सुमाराचा दुसरा विचार नुकसानभरपाईचा. व्यापाराने ज्यांचा लाभ झाला ते, ज्यांची हानी झाली त्यांची भरपाई करूनही लाभात राहू शकतात, म्हणून व्यापार हितकारक, असे शास्त्र सांगते. 'करू शकतात' या शब्दांवर सारी इमारत उभी आहे. ते तशी भरपाई करतात, असे शास्त्राने कधीच म्हटलेले नाही. परंतु वर्गात पहिले वाक्य शिकवून होते तेव्हा तास संपलेला असतो, आणि दुसरे वाक्य परीक्षेला येत नाही.

ज्यांनी ते शिकविले नाही त्यांना त्याची किंमत मोजावी लागली आहे, आणि ती केवळ गरीब देशांत नव्हे. चीनमधून येणाऱ्या स्वस्त मालामुळे अमेरिकेतील ज्या जिल्ह्यांतील कारखाने बसले, तेथील कामगार दुसरीकडे सहजासहजी सामावले गेले नाहीत, असे डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आकडेवारीनिशी दाखविले, तेव्हा तेथील अर्थशास्त्रज्ञांना मोठा धक्का बसला. पाठ्यपुस्तकातला कामगार एका उद्योगातून दुसऱ्या उद्योगात रेषेवरून सरकतो तसा सरकत असतो. प्रत्यक्षातल्या कामगाराला घर असते, म्हातारे आईबाप असतात, आणि वय असते.

आपल्याला तर हा धडा अमेरिकेकडून घेण्याचीही गरज नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा विनिमयदर घसरला की निर्यातदारांचे फावते, म्हणून घसरता रुपया देशाच्या हिताचा, असा युक्तिवाद त्या काळी मोठमोठे लोक करीत असत, आजही करतात. बाबासाहेबांनी विचारले की हा लाभ येतो कोठून? त्यांचे उत्तर असे की, तो परदेशातून देशात येत नाही. किमती वाढतात, मजुरी मागे राहते, आणि देशातील एका वर्गाच्या खिशातले दुसऱ्या वर्गाच्या खिशात जाते. स्टोल्पर-सॅम्युएल्सनच्या आधी अठरा वर्षे, आणि तेही चलनाच्या अधिक अवघड प्रांतात, सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविलेल्या एका प्राध्यापकाने हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारलेला आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या किती अभ्यासक्रमांत हा ग्रंथ वाचनासाठी नेमलेला असतो? बाबासाहेबांची जयंती आपण ज्या उत्साहाने साजरी करतो, त्याच्या शतांश उत्साहाने त्यांचे अर्थशास्त्र वाचले असते, तर या लेखाचे निम्मे कारण उरले नसते.

पुन्हा पोर्तुगालकडे वळू. पोर्तुगाल मद्य करीत होता आणि इंग्लंड कापड, हे निसर्गाच्या योजनेने ठरले नव्हते. १७०३ साली मेथ्युएन करार झाला. त्यानुसार इंग्लंडच्या लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली, आणि बदल्यात पोर्तुगीज मद्याला इंग्लंडमध्ये फ्रेंच मद्यापेक्षा एक-तृतीयांशाने कमी जकात बसू लागली. त्यानंतर पोर्तुगालचा कापडधंदा खुरटला. व्यापारातील तूट भरून काढण्यासाठी ब्राझीलच्या खाणींतील सोने लिस्बनमार्गे लंडनला वाहत राहिले, आणि ते सोने ज्यांनी खणले ते गुलाम होते. ज्या देशाने मद्य निवडले तो मागे पडला आणि ज्याने कापड निवडले तो जगाचा कारखाना झाला, याकडे जोन रॉबिन्सन यांनी लक्ष वेधले होते. रिकार्डोच्या तर्कात याने खोट येत नाही. तो तर्क एका क्षणाचा आहे. इतिहास शतकांचा असतो. स्वतः रिकार्डोने आपली मांडणी एका स्पष्ट गृहीतावर उभारली होती : भांडवल आपला देश सोडून सहसा परदेशी जात नाही. ते जाऊ लागले तर काय होईल, याची त्याला जाणीव होती, आणि तसे होऊ नये असेच त्याला वाटत होते. एका कळीने अब्जावधी रुपये मुंबईहून सिंगापूरला जाणाऱ्या काळात हे गृहीत विद्यार्थ्यांसमोर निदान मोठ्याने वाचून दाखवावयास हवे.

पोर्तुगालची गोष्ट विद्यार्थ्याला लांबची वाटेल, तर वऱ्हाडची घ्यावी. वऱ्हाड हा कापसाचा प्रांत, काळी माती कापसाला पोषक, म्हणून वऱ्हाडाने कापूस पिकवावा, हा तौलनिक लाभाचा पाठ झाला. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून लोहमार्ग आला. १८७० साली खामगावच्या कापूसबाजारापर्यंत त्याची शाखा नेण्यात आली आणि तिच्या उद्‍घाटनाला खुद्द व्हाइसरॉय आले. ज्वारीच्या रानांत कापूस उभा राहिला. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात याच सुपीक प्रांतात माणसे अन्नावाचून मेली. माती निसर्गाची होती यात शंका नाही. पण लाभ घडविला तो लोहमार्गाने, सत्तेने आणि जकातीच्या कायद्याने. १८८२ साली मँचेस्टरच्या दडपणाखाली हिंदुस्थानातील कापडावरील आयातजकात रद्द झाली. पुढे तिजोरी रिकामी पडल्यामुळे ती परत बसवावी लागली, तेव्हा १८९६ मध्ये परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावर नेमके तेवढेच उत्पादनशुल्क लावण्यात आले. दोघांनाही समान वागणूक! हे उत्पादनशुल्क हटायला १९२५ सालचा डिसेंबर उजाडावा लागला.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्याचा गाभा हाच होता की अर्थशास्त्राचे सिद्धांत देश-काल-परिस्थितीनिरपेक्ष नसतात. त्यांनी जर्मन फ्रीड्रिख लिस्टचा आधार घेतला होता, आणि लिस्टने काही काळ अमेरिकेत राहून तेथील संरक्षक जकातीचा अनुभव घेतला होता. हा वैचारिक धागा हातात दिला की विद्यार्थ्याला संरक्षणवाद हा शब्द केवळ व्याख्येपुरता राहत नाही. त्याच धाग्याच्या टोकाला आपल्या ग्रामीण महाराष्ट्राची एक मोठी वास्तू उभी आहे. १९३२ साली साखरउद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, जावा बेटाची स्वस्त साखर अडली, आणि काही वर्षांतच देशातील कारखान्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला तो त्यानंतर, त्या संरक्षित बाजारपेठेत. ज्यांना सहकाराचे श्रेय हवे असते त्यांनी जकातीचेही थोडे स्मरण ठेवावे. आणि ज्यांना संरक्षण म्हणजे सर्वार्थाने पुण्यच वाटते, त्यांनी साखरसम्राटांकडेही पाहावे.

या शेवटच्या वाक्याने मी आपल्याच गोटात शिरतो, आणि तसे करणे भाग आहे. समाजवादी चळवळीत व्यापारसिद्धांताविषयी एक आळशी तिरस्कार रुजलेला आहे. रिकार्डो म्हणजे साम्राज्यवादाची वकिली, सॅम्युएल्सन म्हणजे गणिती बुवाबाजी, असे एकदा म्हटले की वाचण्याचे कष्ट वाचतात. प्रत्यक्ष मार्क्सने १८४८ च्या जानेवारीत ब्रुसेल्स येथील भाषणात मुक्त व्यापाराचा दांभिकपणा उघडा पाडून शेवटी कौल मुक्त व्यापाराच्याच बाजूने दिला होता, हे यांतील किती जणांना ठाऊक आहे? त्याचे कारण अर्थातच गिरणीमालकांचे नव्हते. पण तो धान्य-कायद्यांवरचा सारा वाद वाचून, रिकार्डो पचवून बोलत होता. डिसेंबर १९९१ मध्ये डंकेल मसुदा आला तेव्हा महाराष्ट्रात केवढे रण माजले! आपण विरोधात उभे राहिलो. शरद जोशींची शेतकरी संघटना समर्थनात उभी राहिली. सरकारी धोरणामुळे शेतकऱ्याला उणे अनुदान मिळते, हा त्यांचा मुद्दा आकड्यांचा होता आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावयास हवे होते. आपण बहुधा घोषणांनी दिले. काही बाबतींत आपले भय पुढे खरे ठरले, काहींत नाही. पण कोणते का ठरले, हे सांगू शकणारी माणसे आपण घडविली नाहीत.

कांद्याचेच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये बंदी उठविली तरी टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवले, सप्टेंबरमध्ये शुल्क निम्म्यावर आणले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द केले. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याचा मुलगा एम. ए. ला बसतो तेव्हा आयातजकातीची आकृती त्याला काढता येते; निर्यातशुल्काची सहसा विचारली जात नाही. आयातीवरील कर आणि निर्यातीवरील कर यांचा परिणाम अंती सारखाच असतो, हे अब्बा लर्नरने १९३६ मध्येच दाखविले होते. पण लासलगावच्या बाजारात ज्या घरचा कांदा विकला जातो, त्या घरच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग कोणी सांगत नाही.

येथे समाजवाद्यांचीही कसोटी आहे. धारावीतील कांदा विकत घेणारी बाई गरीब आहे आणि चांदवडचा कांदा विकणारा शेतकरीही श्रीमंत नाही. मग बाजू कोणाची घ्यावी? या पेचात मदतीला येतो तो जगदीश भगवती आणि व्ही. के. रामस्वामी यांचा १९६३ सालचा निबंध. भगवती हे मुंबईत जन्मलेले, सिडनॅममध्ये शिकलेले आणि आयुष्यभर मुक्त व्यापाराची बाजू मांडणारे. त्या निबंधाचा सारांश असा की, दोष देशांतर्गत असेल तर त्याचा उपाय सीमेवर जकात लावून करू नये. दोष जेथे आहे तेथेच अनुदान द्यावे. शहरातील गरिबाला कांदा परवडत नसेल तर त्याच्या हाती सरकारने तिजोरीतून पैसे द्यावेत. ते शेतकऱ्याच्या खिशातून, तेही सीमाशुल्काच्या आडून, काढून घेऊ नयेत. मुक्त व्यापारवाद्याचे हे प्रमेय आमच्या मागणीला जितके बळ देते, तितके आमच्या कित्येक ठरावांनी दिलेले नाही.

सिद्धांत जाणणारी माणसे पदरी असली की काय घडते, याचे एक उदाहरण ब्राझीलचे आहे. अमेरिका आपल्या कापूस-उत्पादकांना जी प्रचंड अनुदाने देते, त्यांमुळे जागतिक भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे नेली. भाव पडले हे उघड्या डोळ्यांना दिसत होते. पण ते अनुदानांमुळेच पडले, हे सिद्ध कसे करावयाचे? त्यासाठी डॅनियल समनर या अमेरिकन कृषिअर्थतज्ज्ञाने एक आर्थिक प्रतिमान बांधले : अनुदाने नसती तर अमेरिकेत कापूस किती पिकला असता, किती निर्यात झाला असता आणि भाव किती वर राहिला असता. मार्च २००५ मध्ये अपील मंडळाने ब्राझीलच्या बाजूने निकाल कायम केला. पुढे बरीच ओढाताण झाली, आणि २०१४ साली ३० कोटी डॉलर देऊन अमेरिकेने तडजोड केली. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार दरिद्री आफ्रिकी देशांनीही २००३ मध्ये हाच प्रश्न मांडला होता. त्यांना असा मोबदला मिळाला नाही. आणि आपण? भारत त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होता. त्याच वर्षांत विदर्भातील कापूस-उत्पादक गळ्याला फास लावून घेत होता, आणि २००६ च्या जुलैत पंतप्रधानांना सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करावी लागली. त्या आत्महत्यांची कारणे अनेक होती, एकट्या अमेरिकन अनुदानावर ती ढकलता येणार नाहीत. पण त्या कारणांत जागतिक भावाचा वाटा किती, हे मोजण्याचे काम आपल्याच विद्यापीठांचे होते.

हे काम मराठीतून व्हावयास हवे, हा मुद्दाही भावनेचा नव्हे. पारिभाषिक शब्द नाहीत ही सबब आता चालणार नाही. भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्राचा परिभाषा कोश केव्हाच निघाला आहे. उणीव आहे ती वाचनाच्या साहित्याची. मराठीतून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रश्नोत्तरी मार्गदर्शके येतात. मूळ निबंध, जकातीची अधिसूचना, व्यापार संघटनेचा निकाल यांतले काहीही त्याच्या भाषेत त्याच्या हाती पडत नाही. परिणामी व्यापारधोरण हा दिल्लीतील काही अधिकाऱ्यांचा आणि इंग्रजी जाणणाऱ्या सल्लागारांचा विषय राहतो, आणि ज्यांच्या पोटाचा तो विषय आहे ते केवळ निवेदने देतात.

अभ्यासक्रम मंडळांपुढे मी एक अगदी साधी सूचना ठेवतो. एका सत्रात एकच पीक घ्यावे, कापूस, आणि त्याच्याभोवती सारा विषय शिकवावा. रिकार्डोचे चार आकडे पहिल्या आठवड्यात, खामगावचा लोहमार्ग आणि साडेतीन टक्क्यांचे उत्पादनशुल्क दुसऱ्या-तिसऱ्यात, आंबेडकर आणि स्टोल्पर-सॅम्युएल्सन एकत्र, मग ब्राझीलचा खटला. प्रत्यक्ष अभ्यासासाठी १९ ऑगस्ट २०२५ ही तारीख द्यावी. त्या दिवसापासून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात चढविली त्याच महिन्यातली ही गोष्ट. कापडगिरण्यांना आणि तयार कपड्यांच्या निर्यातदारांना दिलासा हवा होता, आणि तेथेही लाखो कामगार आहेत. पण नवा कापूस बाजारात येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि कर्जबाजारी शेतकरी तो घरात ठेवू शकत नाही. शुल्क गेल्याने गिरणीला किंटलमागे काय मिळाले, शेतकऱ्याचे काय गेले, गिरणीच्या लाभातील किती भाग कामगारापर्यंत पोहोचला आणि भरपाई करावयाची तर कोणी कोणाला किती द्यावी, एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर लिहावयाला तीन तास पुरणार नाहीत. सत्रभराची मुदत द्यावी, आणि आकडे गोळा करावयास विद्यार्थ्यांना यवतमाळ आणि इचलकरंजी या दोन्ही ठिकाणी पाठवावे.